व्हॅक्यूम सीलर घ्यायचाय? हवा किती ओढतो त्यापेक्षा सील किती टिकतं ते बघा

इंदूरमधल्या कुठल्याही नमकीनच्या दुकानात छापील पाकिटातली शेव बघा, पाकीट टम्म फुगलेलं असतं. आत बहुधा नायट्रोजन असतो. शेव-चिवड्यातलं तेल खवट होतं ते ऑक्सिजनमुळे. नायट्रोजनचा तेलावर काही परिणाम होत नाही, म्हणून पाकीट बंद करण्याआधी त्यात नायट्रोजनचा झोत सोडून साधी हवा हाकलून लावतात. शेव खवट होत नाही आणि फुगलेल्या पाकिटामुळे वाटेत तिचा चुराही होत नाही. घरी नायट्रोजनचं सिलिंडर कोण ठेवणार? तेव्हा आपल्या हातात अर्धाच उपाय राहतो: आतली हवा ओढून काढायची आणि पिशवी घट्ट बंद करायची. ते काम करणारं यंत्र म्हणजे व्हॅक्यूम सीलर.

इंदूरच्या मराठी घरांत या यंत्राची चौकशी होते ती काही ठरावीक कारणांनी. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला, मुलगी परदेशात. सुट्टी संपवून निघाले की बॅगेत गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणि पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण जायलाच हवं. हिवाळ्यात बटला, म्हणजे मटार, स्वस्त झाला की तो वर्षभरासाठी फ्रीजरमध्ये टाकायचा असतो. सियागंजातल्या घाऊक बाजारातून एकदम आणलेला सुका मेवा पावसाळ्यात सादळतो. कारणं अगदी खरी आहेत. अडचण येते ती निवडताना. ऑनलाइन डझनावारी यंत्रं दिसतात, सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर मोठमोठे आकडे. त्यातले कामाचे किती आणि नुसते छापलेले किती, हे कळायचं असेल तर आधी यंत्राचं काम नीट समजून घ्यावं लागेल.

यंत्र काय करतं, काय करत नाही

अन्न बिघडतं ते मुख्यतः हवा, ओल, ऊब आणि जंतू यांच्यामुळे. कीड हा धान्याचा वेगळा त्रास. सीलर यातली फक्त हवा बाहेर काढतो. बाहेरची ओल आत येऊ देत नाही, पण आत असलेली ओल काढून टाकत नाही. जंतू मारत नाही. अन्न गारही करत नाही. ही मर्यादा लक्षात घेतली की कुठल्या पदार्थाला यंत्राचा फायदा आहे ते आपोआप कळतं.

काजू, बदाम, अक्रोड, शेंगदाण्याचं कूट, डेसिकेटेड खोबरं, तेलावर भाजलेले मसाले: हे सगळं तेलामुळे खवट होतं, त्यामुळे इथे फायदा मोठा. फ्रीजरमधल्या पदार्थांनाही मोठा. तिथल्या कोरड्या गारठ्यात पदार्थातलं पाणी बर्फातून थेट वाफ होऊन उडून जातं, मग भाजी चिवट आणि पांढुरकी पडते. पिशवी अंगाला चिकटून बसली की पाणी उडायला जागा राहत नाही.

पापड आणि कुरडयांना मात्र व्हॅक्यूम नको. त्यांचा शत्रू पावसाळ्यातली दमट हवा, आणि पिशवी आवळली गेली की कुरडयांचा भुगा होतो. त्यांना जाड पिशवी आणि किराणा दुकानदार वापरतो तसं साधं पिशवी चिकटवायचं यंत्र पुरेसं आहे. घरात फक्त वाळवणंच साठवायची असतील तर व्हॅक्यूम सीलर घेऊच नका, पैसे वाचतील.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे त्यासाठीही हे यंत्र नाही. क्विंटलभर गव्हाला खडखडीत वाळवण, एरंडेलाचा हात आणि घट्ट झाकणाची कोठी हेच योग्य. रवा, राजमा, बेसन असल्या किलो-दोन किलोच्या जिनसांना यंत्र चालतं. तरी एक लक्षात ठेवा: सोंड्या किडा अंडी दाण्याच्या आत घालतो, ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पिशवी सील करून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची आणि नंतर न उघडता बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. अंडी मरतात, आणि पिशवी बंद असल्यामुळे दाण्यांवर दव धरत नाही.

हवा काढल्याने होणारा धोका

यंत्र विकताना हे कुणी फारसं सांगत नाही, पण माझ्या मते घेण्याआधी समजून घ्यायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलेझेल नावाच्या गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. बरेच जण आजारी पडले आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून जो जिवाणू शोधून काढला त्याला आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. तो मातीत सर्वत्र असतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. आणि त्याला वाढायला हवा नसलेली जागाच लागते, म्हणजे नेमकी आपण मेहनतीने तयार केलेली पिशवी. ओल आणि ऊब असेल आणि आंबटपणा कमी असेल, म्हणजे सामू (पीएच) ४.६ च्या वर असेल, तर तो तिथे विष तयार करतो. ते विष स्नायू लुळे पाडतं, श्वसनाचेसुद्धा.

उघड्या भांड्यातली भाजी विटली की वास येतो, फेस येतो, बुरशी दिसते आणि आपण ती टाकून देतो. हवेत वाढणारे साधे जंतू आपल्याला सावध करतात. व्हॅक्यूममध्ये ते मागे पडतात, त्यामुळे इशारा मिळतच नाही. अन्न दिसायला चांगलं आणि तरीही विषारी असू शकतं.

म्हणून उकडलेले बटाटे, शिजवलेल्या भाज्या, वरण, पनीर यांतलं काहीही सील करून ओट्यावर किंवा फळीवर ठेवायचं नाही. फ्रीज ४ अंशांखाली हवा, आणि तिथेही दोन-तीन दिवसांत संपवायचं, कारण या जिवाणूच्या काही जाती ३ अंशांपर्यंतच्या गारव्यातही हळूहळू वाढतात. त्याहून जास्त दिवस ठेवायचं असेल तर उणे १८ अंशांचा फ्रीजर. सोललेला लसूण, कच्चा कांदा आणि मशरूम व्हॅक्यूममध्ये ठेवूच नका. गोठवलेले मासे वितळवताना पिशवीचं तोंड आधी कापा. कोरड्या जिनसांना हा धोका नाही. मसाला, डाळ, मेवा बिनधास्त सील करा.

काचेच्या बरणीतली हवा पंपाने काढली म्हणजे हवाबंद डब्यातल्या अन्नासारखं ते वर्षभर टिकेल, हाही एक घातक समज आहे. कारखान्यातला डबा बंद झाल्यावर १२१ अंशांच्या आसपास तापवलेला असतो. आपण फक्त हवा काढलेली असते.

झाकणाखाली काय असतं

घरगुती यंत्राचं झाकण उघडलं की एक लांबट खळगा दिसतो. त्याच्या कडेने स्पंजाची किंवा सिलिकॉनची पट्टी असते, कुकरच्या रिंगसारखी. तिला गॅसकेट म्हणतात. पिशवीचं तोंड त्या खळग्यात ठेवून झाकण दाबलं की पंप सुरू होतो आणि तोंडातून हवा ओढतो. पुढच्या बाजूला एक चपटी तार असते, तिच्यावर तपकिरी टेफ्लॉनची पट्टी. हवा निघाली की तार काही सेकंद तापते आणि पिशवीचे दोन्ही थर वितळवून एकमेकांना चिकटवते. झालं यंत्र. पंप, गॅसकेट, तार आणि टेफ्लॉन, यापलीकडे जे काही दिसतं ती बहुतेक दिवे आणि बटणांची सजावट.

पंपाचा आकडा खोक्यावर सगळ्यात ठळक छापतात: उणे ६० किलोपास्कल, उणे ८० किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा आतला दाब तेवढा कमी. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे तो ९५ च्या आसपास भरतो. पंपाने खरोखर उणे ८० गाठलं तर १५ शिल्लक राहतात, म्हणजे हवेचा साधारण सहावा हिस्सा आतच. उणे ६० गाठलं तर एक तृतीयांशाहून जास्त. आणि एखाद्या स्वस्त यंत्रावर उणे ९५ छापलं असेल तर इंदुरात त्याचा अर्थ पूर्ण निर्वात असा होतो, जो घरगुती पंपाच्या आवाक्यातला नाही. असा आकडा दिसला की त्या खोक्यावरच्या बाकीच्या दाव्यांवरही मी विश्वास ठेवणार नाही.

मऊ पिशवीत या आकड्याला फार किंमतही नाही. हवा निघाली की पिशवी पदार्थाच्या अंगाला चिकटते, आत पोकळीच उरत नाही, त्यामुळे ६० आणि ८० मधला फरक मटारच्या पिशवीत फारसा जाणवणार नाही. बरणीचं तसं नाही. काच आत दबत नाही, म्हणून जेवढा दाब शिल्लक तेवढी हवा शिल्लक. बरण्यांसाठी यंत्र घ्यायचं असेल तर जोराचा पंप बघा, आणि बरणीत ऑक्सिजन शोषणारी पुडी टाका. उरलेला ऑक्सिजन ती ओढून घेते.

दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, हेही कळून असावं. १५ किलोपास्कलला ते साधारण ५४ अंशांवरच उकळतं. गरम रस्सा पिशवीत घालून यंत्र लावलं की तो आत खदखदतो आणि थेट पंपाच्या नळीत शिरतो. पदार्थ पूर्ण गार करा. पातळ असेल तर डब्यात आधी गोठवा आणि त्याची वडी पिशवीत घाला.

सील: सगळी परीक्षा इथे

चांगला पंप आणि कच्चं सील असेल तर आठवड्यात पिशवी सैल पडते. साधा पंप आणि पक्कं सील असेल तर महिनोन् महिने काम होतं. म्हणून माझी पहिली पसंती नेहमी रुंद सीलला. एक-दोन मिलिमीटरची बारीक रेष असेल तर एखादा कणही ती तोडतो. तीन ते पाच मिलिमीटरची पट्टी किंवा दोन समांतर रेषा देणारं यंत्र घ्या. सील झाल्यावर पिशवी उजेडात धरा: रेष एकसारखी पारदर्शक दिसली पाहिजे. मध्येच पांढरे ठिपके किंवा सुरकुती दिसली तर तिथून हवा शिरणार.

जिरावण भरताना हे सगळ्यात चांगलं कळतं. पूड इतकी बारीक असते की पंप सुरू झाला की ती हवेबरोबर वर सरकते आणि नेमकी चिकटायच्या जागी बसते. बाहेरून पिशवी बंद दिसते, पण रेषेत पुडीचे कण अडकलेले असतात आणि दोन दिवसांत पिशवी फुसकी होते. उपाय सोपा आहे. भरण्याआधी पिशवीचं तोंड चार बोटं बाहेर उलटं दुमडा म्हणजे कडेला पूड लागणार नाही. भरून झाल्यावर पुडीवर टिश्यू पेपरची घडी ठेवा, दुमड सरळ करा, कोरड्या कापडाने आतून पुसा. गोड्या मसाल्याला तेलाचा ओशटपणा असतो, तिथे पुसणं जास्तच महत्त्वाचं.

अशा पदार्थांसाठी यंत्राला दोन बटणं हवीत. एक, हवा थोडी थोडी ओढायचं, ज्याला पल्स म्हणतात. दुसरं, हवा ओढणं मध्येच थांबवून लगेच सील करायचं. फक्त आपोआप चालणारं यंत्र शेवेचा चुरा करतं आणि पूड पंपात ओढतं. ओल्या पदार्थांसाठी सीलची वेळ वाढवायची सोय आणि सांडलेलं पाणी साठवणारी, काढून धुता येणारी ताटली असावी.

बटल्याची रीत यातच सांगून टाकते, कारण दर हिवाळ्यात याच प्रश्नावर घोळ होतो. दाणे उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाकायचे, लगेच थंडगार पाण्यात काढायचे. यामुळे दाण्यातली विकरं (एन्झाइम) निकामी होतात, नाहीतर फ्रीजरमध्येही रंग आणि चव उतरत जाते. मग पंच्यावर पसरून कोरडे करायचे, ताटात पसरून आधी गोठवायचे आणि कडक झाल्यावरच पिशवीत भरून सील करायचे. ओले दाणे थेट भरले तर पाणी तोंडाशी येऊन सील धरत नाही आणि दाणे चेपतात. पावसाळ्यात भुट्ट्याच्या कीसासाठी मक्याचे दाणे साठवायचे असतील तर रीत हीच, फक्त उकळत्या पाण्यात थोडा जास्त वेळ लागतो.

पिशव्या

कित्येकदा यंत्राच्या नावाने ओरड होते आणि दोष पिशवीचा असतो. पिशवीत किमान दोन थर हवेत: नायलॉनचा थर हवा अडवतो आणि आतला पॉलिथिनचा थर वितळून चिकटतो. नुसत्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू झिरपत राहतो. सील कितीही पक्कं असो, मेवा खवट होणारच. जाडी ७० ते १०० मायक्रॉन असावी. लवंग, दालचिनी, तमालपत्राचे देठ टोचतात, म्हणून खडा मसाला आधी कागदात गुंडाळा.

पिशवीची एक बाजू खरखरीत, नक्षीदार असते. त्या नक्षीच्या बारीक वाटांतूनच हवा बाहेर येते. दोन्ही बाजू गुळगुळीत असलेल्या पिशव्या घाऊक बाजारात स्वस्त मिळतात, पण त्या चेंबर यंत्राच्या (त्याबद्दल पुढे). घरगुती यंत्रात तोंडाशी दोन्ही थर एकमेकांना चिकटतात आणि हवा आतच अडकते. प्लास्टिक अन्नासाठीचं आहे का तेही बघा. चांगले विक्रेते आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी झाल्याचं सांगतात. पाच मीटरच्या रोलमधून पंचवीस सेंटीमीटरच्या पिशव्या काढल्या आणि दोन्ही टोकांचं सील धरून पाच सेंटीमीटर वाया गेलं, तर सोळाच पिशव्या होतात. रोलच्या किमतीला सोळाने भागा आणि त्या भावात पाव किलो काय सील करणं परवडतं ते ठरवा. फक्त स्वतःच्याच पिशव्या घेणारं यंत्र टाळा.

चेंबर यंत्रात पिशवी अख्खीच पेटीत ठेवतात आणि पूर्ण पेटीतली हवा काढतात. आत-बाहेर सारखाच दाब असल्याने पातळ पदार्थ बाहेर येत नाही. पण ते जड, मोठं आणि कितीतरी महाग. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या घराने त्याचा विचार करावा, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीसह. हातपंप आणि झडपेच्या पिशव्या फ्रीजमधल्या आठवडाभराच्या वस्तूंना ठीक आहेत.

घेताना

अमेरिकेहून येणारे नातेवाईक हौसेने यंत्र आणतात. तिथे वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, त्यामुळे लावलं की जळलंच. यंत्राच्या बुडावरची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

सतत चालवलं की पंप आणि तार तापतात. माहितीपुस्तिकेत दोन पिशव्यांमध्ये किती थांबायचं ते दिलेलं असतं. एक मिनिट लिहिलं असेल तर दहा किलो बटल्याच्या अर्धा किलोच्या वीस पिशव्यांना वीस मिनिटं नुसती थांबण्यात जातील. घरासाठी हे चालतं, धंद्यासाठी नाही.

महाराणी रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, विक्रेत्याला एकच प्रश्न नक्की विचारा: गॅसकेट सुटी मिळते का? टेफ्लॉनची पट्टी आणि तार बाजारात मिळून जाते, चांगला कारागीर बसवूनही देतो. गॅसकेट त्या त्या यंत्राच्या मापाची असते, आणि सगळ्यात आधी तीच दबून निकामी होते. ती मिळत नसेल तर वॉरंटी दोन वर्षांची असो की पाच, ते यंत्र घेऊ नका. वापरून झालं की झाकणाची खिट्टी लावून ठेवू नका, नाहीतर गॅसकेट कायमची चपटी होते.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. एका पिशवीत मूठभर राजमा घालून सील करा आणि तीन दिवस ओट्यावर ठेवा. दाणे आत हलायला लागले तर हवा शिरली. मग ती बादलीतल्या पाण्यात बुडवून दाबा, बुडबुडे कुठून येतात ते बघा: सीलच्या रेषेतून येत असतील तर दोष यंत्राचा, मधूनच येत असतील तर पिशवीचा. दुसऱ्या दिवशी, पुस्तिकेत दिलेला वेळ थांबत, लागोपाठ दहा पिशव्या सील करा आणि पहिली व दहावी शेजारी ठेवून रेषा ताडून बघा. दहावीची रेष फिकी किंवा जळकी निघाली तर खोकं, बिल आणि त्या दोन पिशव्या घेऊन विक्रेत्याकडे जा. तो टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.